नवं शहर, नवं घर: आधी मिनिटं मोजा

नव्या महानगरात घर शोधणाऱ्याची पहिली चूक नकाशावर होते. एक बोट ऑफिसवर, दुसरं एखाद्या परवडणाऱ्या वस्तीवर, आणि तोंडातून उद्गार, "आठच किलोमीटर तर आहे!" ते आठ किलोमीटर पक्ष्याचे असतात. माणसाला रस्त्याने जावं लागतं, आणि रस्त्याचं अंतर सरळ रेषेच्या साधारण सव्वा ते दीडपट भरतं. काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांचं शहर असेल तर हिशेब तोंडी होतो: तीन किलोमीटर पूर्वेला आणि चार किलोमीटर उत्तरेला असलेलं ठिकाण पक्ष्याला पाच किलोमीटर पडतं, आपल्याला सात. मध्ये नदी, रेल्वेचे रूळ किंवा द्रुतगती मार्ग आडवा आला की गणित आणखी बिघडतं. रुळांपलीकडची इमारत खिडकीतून दिसते, पण तिथे पोचायला पूल गाठायचा, चढायचा, उतरायचा, यात पंधरा मिनिटं जातात. म्हणून नकाशा उघडल्यावर आधी हे अडसर बघा आणि ते ओलांडायच्या जागा मोजा. दोन पुलांमध्ये दोन किलोमीटर असतील, तर त्या नदीचे दोन काठ म्हणजे व्यवहारात दोन निराळी गावं.

शहर मोजायचं ते मिनिटांत, आणि मिनिटंही दारापासून दारापर्यंतची. जाहिरातीत "शहराच्या मध्यापर्यंत फक्त १७ मिनिटं" असं लिहिलेलं असतं. ती १७ मिनिटं गाडीत बसल्यावरची. आता पूर्ण प्रवास मांडून बघा: लिफ्टची वाट बघून इमारतीच्या फाटकाबाहेर पडायला २, स्टेशनपर्यंत चालायला ९, तपासणी आणि जिने उतरून फलाटावर पोचायला ३, गाडीची वाट ४, गाडीत एकूण १७, मधे गाडी बदलायला ६, शेवटी ऑफिसच्या टेबलापर्यंत ७. बेरीज ४८. जाहिरातीने सांगितलेला भाग जेमतेम एक तृतीयांश! उरलेल्या ३१ मिनिटांबद्दल कोणी बोलत नाही, आणि कमी करता येण्यासारखी मिनिटंही तिथेच असतात. स्टेशनच्या योग्य दाराजवळचं घर घेतलं, किंवा गाडी बदलावी लागणार नाही अशा मार्गावरचं घेतलं, तर आठ-दहा मिनिटं सहज वाचतात.

चालण्याच्या वेळेबाबत जपानमधली पद्धत उचलण्यासारखी आहे. तिथे घरांच्या जाहिरातीत स्टेशनचं अंतर मिनिटांत द्यायचं असतं, आणि नियम ठरलेला: ८० मीटरला एक मिनिट, वरचा अपूर्णांक पूर्ण धरायचा. म्हणजे ६५० मीटर असतील तर ९ मिनिटं. हा आकडा कुठल्याही शहरात पाठ करून ठेवावा. मात्र त्यात सिग्नलला थांबणं धरलेलं नसतं आणि चढही धरलेला नसतो. वाटेत तीन मोठे चौक असतील तर तीन-चार मिनिटं वाढवून धरा. हातात सामान किंवा सोबत लहान मूल असेल तर ८० च्या जागी ६० मीटर धरलेले बरे.

वाट बघण्याचं गणित जरा फसवं असतं. बस दर दहा मिनिटांनी असेल आणि आपण वेळ न बघता थांब्यावर गेलो, तर सरासरी पाच मिनिटं थांबावं लागेल असं वाटतं. ते खरं ठरतं, पण बस नेमक्या दहा मिनिटांनी येत असतील तरच. गर्दीच्या वेळी तसं होत नाही. एखादी बस दोन मिनिटं उशिरा आली की थांब्यावर जास्त माणसं साठलेली असतात, ती चढेपर्यंत बसला आणखी उशीर होतो, आणि मागची बस रिकामी धावत तिला गाठते. मग पंधरा मिनिटं काहीच नाही आणि नंतर पाठोपाठ दोन. समजा अंतर आलटून पालटून ५ आणि १५ मिनिटांचं झालं. सरासरी तीच दहा, पण आपल्याला सरासरी सव्वासहा मिनिटं थांबावं लागतं, कारण आपण लांब फटीत सापडण्याची शक्यता छोट्या फटीच्या तिप्पट असते. म्हणून गाडी बदलावी लागणारा ३५ मिनिटांचा मार्ग आणि थेट जाणारा ४० मिनिटांचा मार्ग यांत थेट मार्ग घ्यावा. कागदावर पाच मिनिटं जातील, पण रोजचा जीव टांगणीला लागणार नाही.

वीस मिनिटांचा फरक किरकोळ वाटतो? जाता-येता ४०, महिन्याला २२ दिवस, म्हणजे ८८० मिनिटं. १४ तास ४० मिनिटं. भाड्यातला फरक या तासांशी ताडून बघा, मग स्वस्त घर स्वस्त आहे का ते ठरवा.

हे सगळं खुर्चीत बसून पुरतं कळत नाही. ज्या वस्तीचा विचार पक्का होत आलाय तिथून ऑफिसपर्यंत पाच वेळा प्रत्यक्ष जाऊन बघा. तीन वेळा सकाळी ज्या वेळेला निघणार त्याच वेळेला, दोनदा संध्याकाळी उलट दिशेने. जमलं तर त्यातला एक दिवस पावसाचा असू द्या. मग पाच आकड्यांची सरासरी काढू नका. मोठ्यापासून लहान असे मांडा आणि वरून दुसरा घ्या. सर्वांत वाईट दिवस अपवादाचा असू शकतो, पण दुसरा वाईट दिवस महिन्यातून चार-पाचदा येतोच, आणि घरातून निघायची वेळ त्याच्यावर ठरते. एजंट घर दाखवायला रविवारी सकाळी अकराला बोलावतो तेव्हा रस्ते मोकळे असतात, शेजारी झोपलेले असतात आणि शाळेची घंटा वाजत नसते. त्याच्या सोयीने एकदा जा, आपल्या सोयीने चारदा.

लांबून घर पक्कं करण्याचा मोह टाळावा. पहिले चार ते सहा आठवडे तात्पुरत्या जागेत काढा, सामान शक्य तितकं बांधलेलंच ठेवा. तात्पुरत्या जागेचं भाडं दिवसाच्या हिशेबाने महाग पडतं हे खरं, पण चुकलेल्या वर्षभराच्या करारापेक्षा ते स्वस्त. दूरवरून पैसे भरण्याबाबत मात्र एकच सांगतो: घर स्वतः किंवा ओळखीच्या माणसाने आत जाऊन पाहिल्याशिवाय, आणि समोरच्याला ते भाड्याने द्यायचा अधिकार आहे याचा कागद पाहिल्याशिवाय अनामत देऊ नये. "अजून तिघे रांगेत आहेत, संध्याकाळपर्यंत पैसे टाका" असं जो म्हणतो त्याला त्या तिघांकडे जाऊ द्या.

फोटोंवरून खोलीचा आकार ओळखायची एक युक्ती आहे. घरांचे फोटो बहुतेक वेळा रुंद कोनाच्या लेन्सने काढतात. तिने जवळच्या वस्तू मोठ्या आणि समोरची भिंत लांब गेल्यासारखी दिसते, म्हणून खोली ऐसपैस वाटते. लेन्सला फसवता येत नाही अशी गोष्ट खोलीतच असते: फरशी. भिंतीलगतच्या फरश्या मोजा. एका बाजूला साडेपाच आणि दुसऱ्या बाजूला पाच दिसल्या आणि फरशी ६० सेंटीमीटरची असेल, तर खोली ३.३ बाय ३ मीटरची. फरशीचं माप माहीत नसेल तर विचारा, किंवा दारावरून अंदाज बांधा; आतल्या खोलीच्या दाराची रुंदी बहुधा ७५ ते ९० सेंटीमीटरच्या आसपास असते. कुठल्या भिंतीचा फोटोच नाही तेही बघा. सहा फोटोंपैकी एकातही न दिसणाऱ्या भिंतीवर बहुतेकदा ओल असते, नाहीतर तिच्यातल्या खिडकीसमोर हाताच्या अंतरावर शेजारची इमारत.

वस्ती बघायची म्हणजे चार वेगवेगळ्या वेळा: कामाच्या दिवशी सकाळी, कामाच्या दिवशी रात्री आठनंतर, शनिवारी रात्री अकराला आणि रविवारी दुपारी. सकाळी शाळा आणि कचऱ्याच्या गाड्या कळतात. रात्री आठनंतर कुठला रस्ता उजेडाचा आहे आणि कुठला अंधारात बुडतो ते कळतं; स्टेशनपासून घरापर्यंतची वाट या वेळी चालून बघाच. शनिवारी रात्री आवाज. रविवारी दुपारी मुलं, म्हातारी माणसं बाहेर बसलेली दिसतात का, की रस्ता ओस पडतो, ते दिसतं. मुख्य रस्त्यावरून भागाची परीक्षा करू नका. दुकानांच्या रांगेमागे दोन गल्ल्या आत शिरा. राहणार तुम्ही तिथे आहात.

विमानतळ जवळ असेल तर एका भेटीवर भिस्त ठेवू नका. विमानं शक्यतो वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला तोंड करून उडतात आणि उतरतात. वारा फिरला की धावपट्टीची दिशा बदलते, आणि काल शांत असलेल्या छपरावरून आज दर तीन मिनिटांनी विमान जातं. वाऱ्याची हीच गोष्ट कचरा डेपो आणि सांडपाणी केंद्रालाही लागू आहे: वर्षातले जास्त महिने वारा कुठून वाहतो ते हवामान खात्याच्या नोंदीतून बघा आणि घर त्या जागेच्या कुठल्या अंगाला येतं ते ताडा.

पाण्याचा माग काढायला भिंती वाचाव्या लागतात. तळमजल्याच्या बाहेरच्या भिंतीवर सगळ्या घरांना एकाच उंचीवर फिकट रेघ दिसते का? रंग फक्त खालच्या दोन फुटांनाच नव्याने दिलाय का? दुकानांच्या उंबऱ्यावर मागाहून बांधलेली वीतभर उंचीची सिमेंटची पाळी आहे का? जनित्र, वीजमीटर कुठे तळघरात आहेत आणि कुठे मुद्दाम वर चढवलेत? ही चिन्हं दोनतीन घरांना दिसली तर पाणी येऊन गेलंय, मग एजंट काहीही सांगो. रस्त्यांची नावंही चहाडी करतात. न्यूयॉर्कच्या कॅनॉल स्ट्रीटखाली खरोखरच कालवा होता, आणि लंडनच्या फॅरिंग्डन स्ट्रीटखालून फ्लीट नदी आजही गटाराच्या रूपात वाहते. ज्या नावात तळं, ओढा, कालवा किंवा घाट आहे तिथे उंचीचा नकाशा उघडून आसपासच्या भागापेक्षा जागा किती खाली आहे ते बघा.

आत गेल्यावर करायच्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्या संकोचापायी राहून जातात. सगळ्यात आतल्या खोलीत, दार बंद करून, फोन लावून बघा. न्हाणीघरातला नळ पूर्ण सोडा आणि त्याच वेळी स्वयंपाकघरातलाही. दुसरा सोडल्यावर पहिल्याची धार निम्मी झाली तर पाण्याचा दाब अपुरा आहे. खिडक्या बंद करून दोन मिनिटं गप्प उभे राहा.

सरहद्दीचं एक प्रकरण बाहेरून आलेल्याला फार उशिरा समजतं. महानगर म्हणजे एक शहर नसतं. लॉस एंजेलिस काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, ८८ स्वतंत्र शहरं आहेत. सँटा मोनिका, बेव्हर्ली हिल्स, वेस्ट हॉलिवूड ही नकाशावर लॉस एंजेलिसचे भाग दिसतात, पण प्रत्येकाचं नगरप्रशासन आणि पार्किंगचे नियम वेगळे. पॅरिस शहर म्हणून ओळखला जाणारा प्रशासकीय भाग जेमतेम १०५ चौरस किलोमीटर. वळणमार्गापलीकडे पाऊल टाकलं की दुसरी नगरपालिका. रस्त्याच्या या बाजूला आणि त्या बाजूला कर, कचरा उचलण्याचे दिवस, शाळेचा प्रवेश, वाचनालयाचं सभासदत्व, रहिवाशांचं पार्किंग असं सगळं बदलू शकतं. पत्त्यातल्या शहराच्या नावावर जाऊ नका, ते टपालाच्या सोयीचं असतं. नगरपालिकेच्या हद्दीच्या नकाशावर घर शोधा, आणि करारावर सही करण्याआधी शोधा.

आता शहर डोक्यात बसवण्याबद्दल. यात लंडनच्या टॅक्सीवाल्यांइतके तरबेज कोणी नाही. काळ्या टॅक्सीच्या परवान्यासाठी त्यांना 'नॉलेज' नावाची परीक्षा द्यावी लागते: शहराच्या मध्यावरच्या चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या परिघातले सुमारे २५ हजार रस्ते तोंडपाठ. तयारीला तीन-चार वर्षं सहज जातात. त्यांची रीत बघण्यासारखी आहे. परंपरेने ३२० मार्ग ठरलेले असतात. प्रत्येक मार्गाच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या टोकाभोवती पाव मैलाचं वर्तुळ घ्यायचं, त्यातला रस्ता न् रस्ता फिरायचा, मग दोन टोकं जोडायची. वर्तुळं वाढत वाढत एकमेकांवर चढतात आणि शहर विणलं जातं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या चालकांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे वाटा आणि जागा लक्षात ठेवणाऱ्या भागाचा, मागचा हिस्सा इतरांपेक्षा मोठा आढळला. २००६ च्या अभ्यासात त्यांची तुलना ठरलेल्या मार्गावर गाडी चालवणाऱ्या बसचालकांशी केली, तेव्हाही टॅक्सीवाल्यांचाच तो भाग भरीव निघाला. फोनमधल्या बाईच्या सांगण्यावरून डावी-उजवीकडे वळणारा माणूस या दोघांपैकी कोणासारखा, ते ज्याचं त्याने ठरवावं.

त्या पद्धतीचं घरगुती रूप असं. दहा-बारा खुंट ठरवा: घर, ऑफिस, मोठं स्टेशन, इस्पितळ, वाचनालय, बाग, आवडलेला बाजार. प्रत्येकाभोवती ४०० मीटरचं वर्तुळ, म्हणजे कुठल्याही दिशेला पाच मिनिटं चाल. असं एक वर्तुळ अर्ध्या चौरस किलोमीटरचं भरतं आणि दीड-दोन तासांत त्यातले बहुतेक रस्ते फिरून होतात. आठवड्याला एक वर्तुळ पुरे. मग शेजारचे दोन खुंट जोडायचे, जायचं एका वाटेने आणि यायचं दुसऱ्या. फोनवरचा नकाशा उत्तर वर ठेवूनच वापरा. चालाल तसा फिरणारा नकाशा त्या क्षणी सोपा वाटतो, पण दर वळणाला चित्र बदलत असल्याने डोक्यात एकच चित्र तयार होत नाही. निघण्यापूर्वी मार्ग बघून घ्यायचा, फोन खिशात टाकायचा, चुकल्यासारखं वाटलं तरच काढायचा. थोडं चुकणंही कामाचंच. चुकलेली गल्ली माणूस विसरत नाही.

भुयारी रेल्वेच्या नकाशावरून अंतर मोजण्याच्या फंदात मात्र पडू नका. हॅरी बेकने लंडनसाठी केलेल्या, १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या नकाशात रेषा फक्त आडव्या, उभ्या किंवा ४५ अंशांच्या आहेत. मधला भाग मोठा केलाय, उपनगरं आक्रसलीत. जगभरच्या नकाशांनी तीच धाटणी उचलली. त्यामुळे मध्यभागातली दोन स्टेशनं लांब वाटतात आणि टोकाची जवळ. लेस्टर स्क्वेअर ते कॉव्हेंट गार्डन हे अंतर सुमारे २६० मीटर. वरून चालत गेलं तर साडेतीन मिनिटं. खालून गेलं तर कॉव्हेंट गार्डनला लिफ्टची रांग, नाहीतर १९३ पायऱ्या. प्रत्येक शहरात अशा दोन-चार जोड्या असतातच, त्या लवकर शोधून ठेवाव्यात. मोठ्या स्टेशनांत दारांचे क्रमांकही पाठ करावेत. टोकियोच्या शिंजुकूला दोनशेहून जास्त दारं आहेत, आणि चुकीच्या दाराने वर आलेल्याला दहा-दहा मिनिटांची शिक्षा होते.

पत्त्यांची रीत पहिल्याच आठवड्यात समजून घेण्यासारखी. शिकागोत स्टेट आणि मॅडिसन रस्त्यांचा चौक म्हणजे शून्य, आणि ८०० क्रमांकांना एक मैल. म्हणजे '२४०० उत्तर' ऐकलं की तीन मैल उत्तरेला, नकाशा नको. पॅरिसमध्ये १८०५ पासून सीन नदीच्या काटकोनात जाणाऱ्या रस्त्यांचे क्रमांक नदीपासून सुरू होतात आणि समांतर रस्त्यांचे प्रवाहाबरोबर वाढतात, विषम डावीकडे, सम उजवीकडे. तिथे घराचा क्रमांक वाचला की नदी कुठे आहे ते कळतं. टोकियोत बहुतेक रस्त्यांना नावंच नाहीत. पत्ता भागाचा, मग चौकटीचा, मग इमारतीचा.

प्रेक्षणीय स्थळांच्या बाबतीत पाहुणा आणि रहिवासी यांच्यात एक फरक असतो, वेळेचा, आणि तो वापरला पाहिजे. शहर बघायचा उंच मनोरा किंवा टेकडी पहिल्या पंधरा दिवसांतच गाठा. शक्यतो पाऊस पडून गेल्यानंतरच्या दिवशी जा, कारण हवा धुतलेली असते. सूर्यास्ताच्या तासभर आधी वर पोचा. उजेडात आपले खुंट शोधा, नदी कुठून वळते, रूळ कुठून जातात ते बघा. अंधार पडला की दिव्यांच्या रेघांतून मोठे रस्ते आपोआप उठून दिसतात. एका तिकिटात दोन शहरं.

मोठं संग्रहालय एका दिवसात 'उरकू' नये. दीड तासानंतर डोळे बघतात, पण आत काही जात नाही. दोन दालनं निवडा, बघा, बाहेर पडा; राहता तिथेच, परत जाता येतं. इथे वर्षाचा पास कामी येतो. त्याचा हिशेब सोपा: वर्षाची रक्कम भागिले एकदाचं तिकीट. उत्तर अडीच आलं तर तिसऱ्या फेरीला पास वसूल. उत्तर पाचाच्या वर गेलं तर हौसेपोटी घेऊ नये, कारण पहिल्या तीन महिन्यांनंतर फेऱ्या घटतात. सुट्टीचा वार तपासा: पॅरिसमध्ये लूव्र मंगळवारी बंद आणि ऑर्से सोमवारी, त्यामुळे सरसकट 'सोमवारी बंद' धरून चालणारा फसतो. शेवटचा प्रवेशही बंद होण्याच्या आधी अर्धा ते एक तास संपतो. गर्दी टाळायची तर कामाच्या दिवशी उघडल्यावरचा पहिला तास, आणि आत शिरल्यावर सगळे ज्या प्रसिद्ध वस्तूकडे धावतात तिच्याकडे आधी जायचं नाहीतर सगळ्यात शेवटी. एरवी कुलूप असलेल्या इमारती बघायच्या असतील तर 'ओपन हाउस'चा शनिवार-रविवार शोधा. १९९२ साली लंडनमध्ये सुरू झालेला हा उपक्रम आता अनेक देशांतल्या शहरांत होतो. लोकप्रिय इमारतींची नोंदणी फार लवकर भरते, म्हणून नोंदणी कधी उघडते ती तारीख आधी टिपून ठेवा.

आणि बस. शहर ओळखायला बसइतकं स्वस्त साधन नाही. घराजवळून जाणारा सगळ्यात लांब मार्ग निवडा, रविवारी सकाळी शेवटच्या थांब्यापर्यंत बसा. जाताना उजव्या खिडकीत, येताना परत उजव्या, म्हणजे रस्त्याच्या दोन्ही बाजू होतात. वाटेत जिथे उतरावंसं वाटेल त्या थांब्यांची नावं लिहून घ्या, पण त्या फेरीत उतरू नका. पुढच्या आठवड्यात त्यातल्या एकाच थांब्यावर उतरायचं आणि तीन थांबे मागे चालत यायचं. उपनगरांतले मार्ग रविवारी कमी धावतात आणि लवकर संपतात, तेव्हा टोकाला उतरल्या उतरल्या परतीची शेवटची बस किती वाजता आहे ते खांबावर वाचून घ्या.